पाणी कोणी आणलं

पाणीखात्यात सत्तावीस फिटर होते आणि एक फिटरीण. हे नाव तिला पहिल्या वर्षी चिडवायला पडलं आणि चिकटलं ते चिकटलंच. आता साहेबसुद्धा फोनवर "फिटरीण आहे का तिथं?" असंच विचारायचे. तिच्या नाकावर राग असतो हे खात्यात सगळ्यांना ठाऊक होतं. गंजलेला बोल्ट हलेना की ती त्याचा असा उद्धार करायची, की शेजारचे दुकानदार काम सोडून ऐकत उभे राहायचे. माणसांवर मात्र ती सहसा चिडायची नाही. माणसं बोल्टापेक्षा लवकर सैल होतात, असं तिचं मत होतं.

एका मंगळवारी ती दुपारी चारला घरी आली, तर तिची मुलगी बिट्टी भिंतीकडं तोंड करून बसलेली. सातवीतली पोर. एरवी शाळेतून आली की बूट एकीकडं, दप्तर दुसरीकडं आणि तोंडाचा पट्टा सुरू. आज दप्तर पाठीवरच होतं.

"काय गं, काय झालं?"

"काही नाही."

फिटरिणीची आई कॉटवर बसली होती. नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा, महिन्यातून चार दिवस घरी, त्यामुळं घरात एरवी या तिघीच. आजीनं हनुवटीनंच जमिनीवर पडलेल्या वहीकडं खूण केली.

निबंधाचा विषय होता 'आपल्या शहराचं पाणी'. बिट्टीनं दीड पान लिहिलं होतं. 'माझ्या पणजोबांनी आपल्या शहरात पाणी आणलं. पणजोबा मुकादम होते, हाताखाली दोनशे मजूर होते.' या ओळींखाली लाल शाईनं रेघ, शेजारी शून्य, आणि शून्य एवढं मोठं की त्यात चहाचा कप मावला असता. खाली लिहिलं होतं, 'थापा मारू नयेत. पुस्तिका वाचावी.'

हळूहळू बाकीचं बाहेर आलं. इतिहासाच्या बाईंनी बिट्टीला उभं करून ते मोठ्यानं वाचायला लावलं होतं. मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं, "मग आजोबांनी काय आणलं, हवा?" सगळा वर्ग हसला. बाईसुद्धा हसल्या.

फिटरिणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्या आगीत एक जुनं सरपणही होतं. ती स्वतः या विषयानं पोळलेली. सनावळी पाठ होत नाही म्हणून तिनं सबंध एक वर्ष इतिहासाचा तास दाराबाहेर उभं राहून काढला होता. इतिहास म्हणजे मेलेल्या माणसांनी जिवंत पोरांवर उगवलेला सूड, असं तिनं तेव्हा ठरवलं, आणि नंतर त्यावर फेरविचार करायची वेळच आली नव्हती. पणजोबांची गोष्ट बिट्टीला सांगितली होती ती आजीनं. ते आजीचे वडील. "माझ्या बाबांनी या गावाला पाणी पाजलं," हे वाक्य आजीच्या तोंडून फिटरिणीनं जन्मभर ऐकलं होतं. खात्यात नोकरी लागली तेव्हाही आजी म्हणाली होती, "रक्तातच आहे आपल्या."

दुसऱ्या दिवशी ती खात्याच्या खाकी कपड्यांत, खांद्याला पान्ह्यांची पिशवी अडकवून, थेट शिक्षकांच्या खोलीत शिरली. इतिहासाच्या बाई वह्यांच्या दोन ढिगांमध्ये बसल्या होत्या. पस्तिशीच्या, डोळ्यांखाली काळं, बोटांना लाल शाई. त्यांच्या डोक्यावर शाळेच्या संस्थापकांचा मोठा फोटो होता.

फिटरिणीनं वही त्यांच्यापुढं आपटली. "थापा म्हणजे काय हो?"

बाईंनी शांतपणे खणातून एक पातळ पुस्तिका काढली. शहराची माहिती देणारी, दरवर्षी नव्यानं छापली जाणारी. त्यात लिहिलं होतं की शाळेच्या संस्थापकांनी, तेव्हा ते नगराध्यक्ष होते, 'स्वप्रयत्नाने अकरा महिन्यांत' शहरात पाणी आणलं.

"स्वप्रयत्नानं? म्हणजे पहार घेऊन चरात उतरले होते का ते?"

"ताई, तुम्ही चिडू नका. तुमच्या घरात सांगतात ती गोष्ट आहे. घराघरांत अशा गोष्टी असतात. लिहिलेलं कुठं आहे? कागद दाखवा, मी मार्क देते."

"आणि माझ्या पोरीला सगळे हसले, त्याचं काय?"

बाईंनी एक वही उघडली, मिटली. "ते व्हायला नको होतं," त्या म्हणाल्या.

त्यांनी भांडायला हवं होतं. भांडल्या असत्या तर फिटरिणीचा राग तिथंच मोकळा झाला असता. आता तो तसाच घेऊन तिला रस्त्यावर यावं लागलं, आणि त्यासोबत ते वाक्यही आलं. लिहिलेलं कुठं आहे. दिवसभर ते तिच्या डोक्यात टोचत राहिलं. मग तिला आठवलं की तिच्याच खात्याच्या मुख्य कचेरीत, जिन्याखाली, जुन्या कागदांची एक खोली आहे.

त्या खोलीचा मालक म्हणजे दप्तरी. निवृत्तीला दीड वर्ष उरलेला, किडकिडीत, स्वेटर न काढणारा माणूस. त्यानं तिला अर्ज आणायला सांगितला. अर्ज आणला तर म्हणाला, साहेबांची सही हवी. सही आणली तर म्हणाला, कारण लिहिलेलं नाही. तिनं तिथंच उभ्या उभ्या लिहिलं, 'कारण: राग.' दप्तरीनं चष्मा कपाळावर चढवून कागद दोनदा वाचला आणि म्हणाला, "हे कारण नमुन्यात बसत नाही."

ती तोंड उघडणार तेवढ्यात तिला आवाज आला. टप्, टप्. खोलीच्या कोपऱ्यात हात धुवायचं बेसिन होतं, त्याचा नळ गळत होता, आणि फुटभरावर लाल कापडात बांधलेले गठ्ठे रचलेले होते. खालचे तीन गठ्ठे ओले होऊन फुगले होते.

"हे किती दिवस चाललंय?"

"चार वर्षं. तक्रार केलीय. तुमच्याच खात्याकडं."

फिटरिणीचा पारा चढला. कोणावर ते तिलाही सांगता आलं नसतं. तिनं पिशवी उतरवली, मुख्य कॉक बंद केला, दहा मिनिटांत नळ खोलून नवा वायसर घातला आणि मग खाली बसून ओले गठ्ठे एकेक करून पंख्याखाली पसरले. दप्तरी उभा राहून बघत होता. ती घाम पुसून वळली तेव्हा त्यानं टेबल रिकामं केलं होतं.

"बसा," तो म्हणाला. "एक सांगतो. मधलं पान सोडायचं नाही. कंटाळा आला तर घरी जायचं, उद्या यायचं. पण पान सोडायचं नाही."

पहिला आठवडा निव्वळ डोकेदुखीत गेला. अक्षर तिरकं, शाई उडालेली, शब्द एकमेकांत गुंतलेले. ती जेवणाच्या सुट्टीत यायची, डबा दाराबाहेर खायची, हात धुवायची आणि बसायची. आपल्या आजोबांचं नाव एकदा सापडलं की त्या कागदाची झेरॉक्स बाईंच्या तोंडावर मारायची, एवढाच बेत होता. नाव नवव्या दिवशी सापडलं. मुकादमाची रोजनिशी, आणि प्रत्येक पानाखाली आजोबांची सही. झेरॉक्स काढून जायचं सोडून ती पुढचं पान वाचायला लागली.

त्या पानावर होतं, 'जोड ६२ पुन्हा सुटला. शिसे भेसळीचे. भांडारपालास सांगितले असता म्हणतो, शिसे चोख आहे, जोडणाऱ्याचा हात भेसळीचा.'

फिटरीण मोठ्यानं हसली. दप्तरी दचकला. जोड बासष्ट तिला तोंडपाठ होता. मुख्य लाइनवरचा, बिडाच्या जुन्या पाइपांमधला, शिसं ओतून बसवलेला जोड. गेल्या अकरा वर्षांत तिनं स्वतः तो चार वेळा बांधला होता, आणि भांडारातल्या माणसाशी याच कारणावरून तिचं हेच भांडण झालं होतं. पंच्याहत्तर वर्षांपूर्वी कोणीतरी तिच्याच शिव्या घालत होता. मेलेली माणसं म्हणजे सनावळी नव्हे. ती चिखलात उभी होती, त्यांना खोटं शिसं मिळत होतं, आणि त्यांचा संताप होत होता. हे इतके दिवस आपल्याला कोणी सांगितलं कसं नाही, याचाच तिला राग आला. वर्षभर दाराबाहेर उभं केलं, पण हे नाही सांगितलं.

त्यानंतर तिला चटकच लागली. ती घरी येऊन चपला काढायच्या आधी सांगायला सुरुवात करायची. शनिवारी शाळा अर्धा दिवस, तेव्हा ती बिट्टीला घेऊन जाऊ लागली. दप्तरीनं कुरकुर केली, मग एक उंच स्टूल आणून दिलं. बिट्टीनं एक वही केली. डावीकडं तारीख, उजवीकडं त्या दिवशी काय झालं. पोरीची नजर आईपेक्षा तीक्ष्ण निघाली. तिसऱ्या शनिवारी ती हजेरीपट चाळत होती.

"आई, यात अर्ध्याच्या वर बायका आहेत. आजीनं कधी सांगितलं नाही."

"माती वाहायला असतील."

"पण त्यांची नावं नाहीत. हे बघ. अमक्याची बायको, तमक्याची सून, ही तर नुसती 'उंच बाई'. हिचं नाव काय मग?"

दप्तरी म्हणाला, "लिहिणाऱ्यानं विचारलं नसेल."

"लिहिणारा कोण?"

"तुझे पणजोबाच की."

बिट्टीनं वही पुढं ओढली. तिनं वहीत लिहिलं, 'उंच बाई. नाव विचारलं नाही.' फिटरिणीला ते थोडं खटकलं, पण पोर लहान आहे, त्या काळी तसंच असायचं, असं म्हणून तिनं विषय सोडून दिला. घरी आजी वाट बघत असायची. मोतीबिंदूमुळं तिला वाचता येत नव्हतं, म्हणून ती ऐकायची. भांडारपालाचा किस्सा तिनं चार वेळा सांगायला लावला. "बाबा असेच होते," ती म्हणायची. "कोणाचं ऐकून घ्यायचे नाहीत."

मग तो गुरुवार आला. फिटरीण एकटीच होती. रोजनिशीत काम जुन्या वीटभट्टीपर्यंत पोचलं होतं.

'चर पंधरा फूट. माती राखेची, भुसभुशीत. टेकूंचे लाकूड आले नाही. दोन बाया उतरण्यास नकार देतात, म्हणतात भिंत बोलते आहे. दोघींची हजेरी कापली. काम चालू.'

पुढच्या पानावर तारीख होती आणि दोन शब्द. 'चर ढासळला.' त्याखाली आकडा, सात.

तिनं पान उलटलं. पुढं आठ दिवस काहीच नाही. दप्तरीनं दुसरा गठ्ठा आणून ठेवला. त्यात चौकशीचे जबाब होते. आजोबांचा जबाब अर्ध्या पानाचा, स्वतःच्या हातानं लिहिलेला. 'माती धोक्याची असल्याचे मला कोणी सांगितले नव्हते. बाया आपखुशीने उतरल्या.' खाली तीच सही. तिच्याखाली अभियंत्याचा हुकूम होता. पाच जण काढले, दोन बायका सापडल्या नाहीत, माती सारखी घसरते आहे, सबब चर बुजवावा आणि लाइन बारा फूट बाजूनं वळवावी.

ते वळण फिटरिणीला ठाऊक होतं. सरळ चाललेली लाइन टायरच्या दुकानापाशी उगाचच कुशीला वळते, तिथं दाब अडतो, तिथं दर पावसाळ्यानंतर गळती. किती वेळा ती तिथं गुडघ्यांवर बसली होती, आणि ही लाइन कोणत्या दारुड्यानं आखली म्हणून बोलली होती.

तिनं गठ्ठा बांधला तो इतका आवळून, की नंतर दप्तरीला गाठ कात्रीनं कापावी लागली. त्या दुपारी तिनं एका चेंबरच्या झाकणाचे दोन बोल्ट मोडले. बरोबरच्या माणसानं काय झालं विचारलं, तर त्याच्यावर अशी कडाडली की तो दिवसभर चार हात लांब राहिला. सात माणसं गेली, याचा राग होताच. पण त्याहून तिला झोंबलं ते दुसरंच. आदल्या दिवशी स्वतः लिहिलं की बाया नको म्हणतात, आणि आठ दिवसांनी स्वतःच लिहिलं की मला कोणी सांगितलं नाही. या माणसाबरोबर ती महिनाभर हसली होती. त्याचे विनोद तिनं घरी जाऊन सांगितले होते.

"आज काय वाचलंस बाबांचं?" आजीनं विचारलं.

"काही नाही. सुट्टीवर होते." पुढच्या आठवड्यापासून ती त्यापुढची पानं सांगू लागली.

शनिवारी तिनं बिट्टीला सांगितलं, खोली बंद आहे. पुढच्या शनिवारीही तेच. तिसऱ्या शनिवारी बिट्टी वही घेऊन तिच्यासमोर उभी राहिली.

"खोली बंद नाहीये. दप्तरीकाका मला रस्त्यात भेटले. आणि तू घरी सांगतेस त्यात अकरा तारखेनंतर एकदम चोवीस तारीख येते. मधले दिवस कुठं गेले?"

"गप्प बस. सगळं तुला सांगायलाच पाहिजे का?" फिटरीण एवढ्या जोरात ओरडली की तिच्या हातातला पेला हिंदकळला.

बिट्टी मागं फिरली आणि भिंतीकडं तोंड करून बसली.

फिटरीण ओट्यापाशी उभी राहिली. शाळेत बाई हसल्या तेव्हा निदान त्यांना खरं माहीत नव्हतं. आपल्याला माहीत आहे. तिनं हात पुसले आणि आधी आजीकडं गेली, कारण हे आजीला पोरीच्या तोंडून कळणं बरं नव्हतं. तिनं सगळं सांगितलं, एकही शब्द न गाळता.

आजी ऐकताना हलली नाही. मग म्हणाली, "कोणीतरी मागाहून लिहून ठेवलं असेल. माणूस गेला की त्याच्या नावावर काहीही खपवतात."

"आई, प्रत्येक पानाखाली त्यांची सही आहे."

"सही कोणीही करतं. तू कशाला गेलीस उकरायला? मार्क पाहिजे होता ना, नाव सापडलं होतं ना? तिथंच थांबायचं. माझ्या बापाला मेल्यावर मातीत घालू नकोस."

"मातीत त्या बायका आहेत, आई. अजून. मी दरवर्षी त्यांच्या डोक्यावर बसून पाइप बांधते."

"ते तसे नव्हते."

"तुला काय माहीत? तू तेव्हा पाळण्यात होतीस."

"मला माहीत आहे," आजी म्हणाली. "मी पाच-सहा वर्षांची असताना दारात एक बाई आली होती. उन्हातनं आलेली. ती नुसती उभी राहिली, काही मागितलं नाही. बाबा मागच्या दारानं निघून गेले. आईनं मला आत ओढलं आणि कडी लावली. ती बाई संध्याकाळपर्यंत उभी होती. मी फटीतनं बघत होते. मी कधी विचारलं नाही, आणि तूही विचारू नकोस." एवढं बोलून तिनं भिंतीकडं कूस वळवली.

फिटरीण बाहेर आली. बिट्टी दारातच उभी होती, तिनं सगळं ऐकलं होतं. पिशवीत तळाशी लपवलेल्या झेरॉक्स फिटरिणीनं काढल्या आणि तिच्या हातात दिल्या. "मोठ्यानं वाच," ती म्हणाली. "अडलं तर सांग."

बिट्टीनं वाचलं. 'भिंत बोलते आहे' यापाशी ती थांबली, पुन्हा वाचलं. जबाब वाचून झाल्यावर तिचे कान लाल झाले होते.

"नको म्हणणाऱ्या दोघी त्या सातांत होत्या का?"

"माहीत नाही. हजेरी कापली म्हणजे त्या दिवशी त्या उतरल्या नसतील. दुसऱ्या दिवशी उतरल्या असतील. उतरावंच लागलं असेल."

"आणि मी लिहिलं, पणजोबांनी पाणी आणलं." तिला आता आईवर, आजीवर की स्वतःवर चिडावं ते कळेना. तिनं पेन्सिल उचलली आणि टोक मोडेपर्यंत वहीवर दाबली. मग दुसरी घेतली आणि लिहायला बसली.

सोमवारी फिटरीण तिच्याबरोबर शाळेत गेली. वर्गाच्या दारात उभी राहिली. हे उभं राहणं तिच्या सवयीचं होतं. बिट्टीनं नवा निबंध वाचला. त्यात सात होते, दोन न सापडलेल्या होत्या, उंच बाई होती, आणि शेवटी सरळ लिहिलं होतं की खोटा जबाब देणारे मुकादम हे माझे पणजोबा. मागच्या बाकावर या वेळी सगळे चिडीचूप होते. बाईंनी झेरॉक्स घेतल्या, खिडकीपाशी नेऊन एकेक ओळ वाचली. तास संपल्याची घंटा झाली तरी कोणी उठलं नाही.

"पहिल्या वहीतलं 'थापा मारू नयेत' हे मी खोडते," बाई म्हणाल्या. "तुझी माफी मागते, सगळ्यांसमोर. पण शून्य तसंच राहील. तो निबंधही चूकच होता. पाणी त्यांनी एकट्यांनी आणलं नव्हतं."

फिटरिणीनं तोंड उघडलं. राग नेहमीसारखा उसळून वर आला, पण त्याला टेकायला जागा मिळेना. बाईंचं खरं होतं. मग तिला जागा सापडली.

"मग पुस्तिकेलाही शून्य द्या."

वर्गात खसखस पिकली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी खणातून पुस्तिका काढली, पाण्याचं पान उघडलं आणि पहिल्या बाकावरच्या मुलीच्या हातात दिली. "'स्वप्रयत्नाने' हा शब्द कोणी लिहिला, आणि त्याला कसं कळलं," त्या म्हणाल्या, "हे उद्या प्रत्येकानं विचार करून यायचं. उत्तर पुस्तिकेत सापडणार नाही."

मुख्याध्यापकांनी सहलीला परवानगी नाकारली. संस्थापकांच्या नावाला बट्टा लागतो म्हणाले. तेव्हा बाई रविवारी सकाळी, आपल्या जबाबदारीवर, एकतीस पोरांना घेऊन टायरच्या दुकानापाशी आल्या. फिटरिणीनं चेंबरचं झाकण उघडलं, भोवती दोरी बांधली आणि एका वेळी चौघांना वाकून बघू दिलं. तिनं भाषण केलं नाही, तिला ते जमतही नव्हतं. लाइन इथपर्यंत सरळ येते, इथून वळते, का वळते ते सांगितलं. मग पोरांनीच सुरुवात केली. टेकू कोणी पाठवायचे होते? ते का आले नाहीत? संस्थापक तेव्हा कुठं होते? अभियंत्याला शिक्षा झाली का? त्या दोघींच्या घरी कोणी सांगितलं? एका मुलीनं विचारलं, "मग इथं काही लिहिलेलं का नाही?" आणि हे विचारताना ती इतकी रागावली होती की फिटरिणीला तिच्यात स्वतःचं नाक दिसलं.

"बऱ्याच गोष्टी मला माहीत नाहीत," ती म्हणाली. "कचेरीत जिन्याखाली खोली आहे. हात कोरडे करून यायचं, आणि पान सोडायचं नाही."

तिला 'कारणे दाखवा' नोटीस आली. खात्याचं चेंबर परवानगीवाचून लहान मुलांसमोर उघडलं म्हणून. तिनं उत्तरात रोजनिशीची, जबाबाची आणि हुकुमाची झेरॉक्स जोडली आणि खाली एकच ओळ लिहिली, की इथं काय झालं ते खात्यानं पंच्याहत्तर वर्षं झाकून का ठेवलं त्याचं कारण आधी दाखवावं. साहेबांनी तिला बोलावून झापलं, एक पगारवाढ रोखली, आणि प्रकरण मिटवलं. पुस्तिका पुढच्या वर्षी जशीच्या तशी छापून आली. इतिहासाच्या बाईंनी ती वाटली, पण वर्गात पाठ करून घेणं बंद केलं. शनिवारी जिन्याखालच्या खोलीत कधी पाच, कधी आठ पोरं दिसू लागली. दप्तरी सगळ्यांना सांगत फिरायचा की या कारट्यांनी त्याच्या नाकी नऊ आणलेत, आणि निवृत्तीनंतरही तो शनिवारी यायचाच. नावं नसलेल्या बायकांपैकी दोघींची नावं सापडली. उंच बाईचं अजून नाही.

आजी चार महिने फिटरिणीशी बोलली नाही. जेवायला बसायची, ताट पुढं आलं की खायची, औषधाची गोळी हवी तर बिट्टीला हाक मारायची. फिटरीणही मनधरणीला गेली नाही. तिचा राग अजून उतरला नव्हता, आणि तो उतरावा असं तिला वाटतही नव्हतं.

मग आजीच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली त्याच्या दुसऱ्या आठवड्यात, एका सकाळी, फिटरीण कामाला निघाली होती तेव्हा आजी म्हणाली, "ते कागद आण."

फिटरिणीनं पिशवी खाली ठेवली आणि कागद आणून दिले. आजी ते घेऊन खिडकीत बसली. डोळ्याजवळ नेले, लांब धरले, पुन्हा जवळ नेले. जबाबाच्या पानावर ती फार वेळ थांबली. बोट एकेका ओळीखालून सरकवत शेवटी सहीपाशी आली. बिट्टी शाळेची वेणी अर्धवट सोडून बघत होती.

"अक्षर त्यांचंच आहे," आजी म्हणाली.

आजीनं कागद गुडघ्यावर ठेवून सपाट केले.

"बिट्टे, तुझी वही घे. ती बाई दारात आली होती ना, ते लिही. हिरवं लुगडं होतं. डाव्या हाताची दोन बोटं नव्हती. आणि उंच होती की नाही ते मला आठवत नाही. मी लहान होते, मला सगळेच उंच दिसायचे. तसंच लिही, आठवत नाही म्हणून."